जोर आलाय म्हणे

२२ एप्रिल

सकाळी सासऱ्यांशी परत वाजलं. विषय तोच. म्हटलं, बाबा, पाऊस लागायच्या आत फ्लूचं इंजेक्शन घेऊन टाकू या, डॉक्टरांनी गेल्या श्रावणात बजावून सांगितलंय. ते सोप्यावर बसून उंडा पाव चहात बुडवत होते. बुडवत राहिले. मग म्हणाले, "गेल्या वर्सा हॉस्पिटलांत इतल्यो सुयो मारल्यो. तातूंत ती आसतलीच."

नव्हती. त्या सगळ्या आजाराच्या होत्या. ही आजार यायच्या आधी घ्यायची. हे मी किती वेळा... जाऊ दे.

गेला श्रावण विसरता येत नाही. गावात चार जण तापले, गोळ्या घेतल्या, कामाला लागले. यांच्या छातीत डिचोलीच्या खाणीतली आयुष्यभराची धूळ. तिथे तोच ताप न्यूमोनिया होऊन बसला. हॉस्पिटलात ऑक्सिजनच्या मास्कमागून माझ्याकडे बघायचे आणि मला त्या नजरेला नजर देता यायची नाही. श्याम बाहेर बाकावर रडत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवरा रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिला. डॉक्टर म्हणाले, या खेपेला निभावलं, पुढच्या खेपेची खात्री मी देणार नाही.

म्हणून हे भांडण. मला काही हौस नाही.


२५ एप्रिल

आज शर्टाची बाही वर करून दंड दाखवला. डाव्या दंडावर देवीच्या लशीचे दोन वण, पोर्तुगीज काळातले, जुन्या बटणाएवढे. "ही पळय वासीन. पाकल्यांच्या वेळार मारिल्ली. अजून आसा. एक फावट मारली की जल्मभर."

म्हटलं, बाबा, देवीचा रोग एकच होता, तो गेला. हा फ्लू दर वर्षी सोंग बदलून येतो. म्हणून लसही दर वर्षी नवी.

"म्हणजे गेल्या वर्सा मारिल्ली ती फुकट?"

"गेल्या वर्षी मारलीच नव्हती, बाबा."

"पळय. तरी जिवो आसां न्हय?"

मी शिवणाच्या दुकानाला निघाले. बसमध्ये पेडण्यापर्यंत मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होते, एकाहून एक सरस. समोर असताना एक सुचत नाही.


३० एप्रिल

दुकानात श्वास घ्यायला फुरसत नाही. शाळांचे युनिफॉर्म. सावित्री नसती तर मी मेले असते. चंदगडची बाई, हात मशीनसारखा आणि तोंड त्याहून. मी बाबांचं रडगाणं सांगितलं तर म्हणाली, "म्हाताऱ्या मानसाला सांगू नगा ताई, इचारा. सांगितलं की ते आडतंय."

संध्याकाळी घरी जाऊन विचारलं. बाबा, तुमच्या मनात काय आहे, तसं करू.

ते म्हणाले: "देवाक विचारुंया. कौल लावया."

आता विचारलं मीच. नाही कसं म्हणू?

श्याम ताटावर बसून हसत होता. दिवसभर पेडणे-म्हापसा बस चालवून आला की त्याला घरातली भांडणं गंमत वाटतात. म्हटलं, तू हस. ऑक्सिजनचा सिलिंडर परत बघायचाय का? हसायचा थांबला. मग मलाच वाईट वाटलं.


५ मे

आज देवळात.

गुरवानं मूर्तीला ओले कळे लावले, उजव्या अंगाला आणि डाव्या अंगाला. आम्ही खाली बसलो. बाबा आंघोळ करून, टोपी घालून, परीक्षेला बसल्यासारखे. गुरवानं गाऱ्हाणं सुरू केलं. हा माणूस चांगला, पण गाऱ्हाण्याला लागला की वाक्याला पूर्णविराम नाही. "बा देवा म्हाराजा, तुझ्या ह्या लेंकराक दोतोर सुई मारूंक सांगता, ती मारल्यार ताका कांयच बादा जावची ना काय बादा जातली, तें तुवें आतां..." आणि सगळे "व्हय म्हाराजा".

माझ्या तिथेच लक्षात आलं. अहो, कुठला कळा कशाचा ते ठरवलंच नाही. मध्ये बोलायचं तर देवळात बायकांनी... आणि गाऱ्हाणं तोडायचं नसतं. तेवढ्यात कळा पडला.

डावा.

बाबा उठले, नमस्कार केला, "जालें" म्हणाले. मी गुरवाला गाठलं. म्हटलं, शेवटी तुम्ही "बाधा होईल" असं विचारलंत. डावा म्हणजे नाही. म्हणजे बाधा होणार नाही. गुरव डोकं खाजवत म्हणाला, "तशेंय जातलें." बाबा पायरीवरून म्हणाले, "डावो तो डावो. देवाक वकिली नाका."


६ मे

सकाळी गुरवाकडे परत गेले. परत एकदा लावता येईल का, प्रश्न नीट मांडून? म्हणाला, "तेंच तें देवाक विचारूंक जायना, बाये. राग येता."

मला येत नाही वाटतं राग?

बाबा काजूच्या बिया सुकवत अंगणात बसून आहेत. सगळं कसं निवांत. जून तोंडावर आलाय आणि हा माणूस बिया उलथ्या करतोय.


९ मे

ठरवलं. देवानं त्यांना नको म्हटलं असेल, मला नाही म्हटलेलं. श्यामलाही नाही. ताप घरात शिरणार तो आमच्याच पायानं ना, याच्या बसमधून नाहीतर माझ्या दुकानातून. मग आधी आम्हीच घेऊ.

श्याम कुरकुरला. मी घोडा आहे, मला कशाला. म्हटलं, घोड्यासाठी नाही, घोड्याच्या बापासाठी. आला.

म्हापशाचा दवाखाना. सिस्टर गोरी, बारीक, घाईत. "डावा हात पुढे करा." टोचलं, कापूस, झालं. सांगितलं की दंड दुखेल, एखाद दिवस कणकण वाटेल, तो फ्लू नव्हे. आणि अंगात ताकद धरायला पंधरवडा जातो, तोवर जपा. श्याम बाहेर येऊन म्हणाला, "इतलेंच?" इतका मोठा माणूस, सुईकडे बघायचं नाही म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.


१० मे

दंड दुखतो. कात्री उजव्या हातात धरायची असते म्हणून बरं. रात्री भाकरी थापताना बाबा विचारतात, "खंयच्या हातार मारली?"

"डाव्या."

"डावो कोणें सांगलो?"

"सिस्टरनं."

"तिका कोणें सांगलें?"

"मला काय माहीत बाबा. सगळ्यांना डाव्यातच देत होती."

भाकरी मोडून नुसतीच हातात धरून बसले. म्हटलं कालवण बेचव झालं की काय. विचारलं तर मान हलवली फक्त.


१४ मे

डिचोलीहून आबांच्या सुनेचा फोन. आबा म्हणजे बाबांचे खाणीवरचे जोडीदार, एकाच ट्रकातून घरी यायचे दोघं. होळीत पाय घसरून पडल्यापासून अंथरुणावर आहेत, अंगात त्राण नाही. बाबांचा धोशा, आबाला बघायला जायचंय. मी म्हटलं, जरा हुशारी येऊ दे त्यांना, मग जा, नाहीतर तुम्ही दोघं मिळून रडत बसाल.

खरं तर मला त्यांना गर्दीच्या बसमधून पाठवायचं नाही. हे बोलले नाही.


१९ मे

बाबांना रात्रभर खोकला. पंप ओढला, बसून काढली. मी आणि श्याम दोघंही जागे, दोघंही झोपल्याचं सोंग करत. साधा खोकला होता, सकाळी गेला. पण साधा खोकला ऐकूनही आता मी त्यांचे श्वास मोजत बसते.


२३ मे

लिहायला हवंच.

सकाळी दुकानाला निघाले तर बाबा ओट्यावर उभे. इस्त्रीचा शर्ट. पायात चपला. "चल."

"कुठे?"

"म्हापशां. सुई मारूंक."

म्हणाले, "देवान डावो दिल्लो. डावो हात. आमकां समजलें ना." आणि आपल्याच दंडावरच्या वणांवर हात ठेवून: "वासीनय डाव्यार. तुमकांय डाव्यार. आनी कितें सांगपाचें देवान?"

मी पर्स शोधायच्या मिषानं तोंड फिरवलं. हसले तर गेलं सगळं. दुकान सावित्रीवर टाकलं, त्यांना घेऊन श्यामच्याच बसमध्ये बसले. सिस्टरनं "डावा हात" म्हटल्याबरोबर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच इतके दिवस आडमुठेपणा करत होते.

डॉक्टरांना विचारलं, आता सुटलो ना? म्हणाले, सुटलो नाही, पण मोठी ढाल हातात आली. लस घेऊनही ताप येऊ शकतो, पण जिवावर बेतायची भीती बरीच कमी होते. पंधरवडा जाऊ दे, तोवर तापाच्या माणसाजवळ बसवू नका. आणि ताप आलाच तर घरी काढा करत बसू नका, त्याच दिवशी आणा. फ्लूच्या गोळ्या सुरुवातीलाच नीट चालतात.

परत येताना बाबांनी पाववाल्या पोदेराकडून उंडे घेतले, गुरवाला द्यायला. गुरवानं म्हणे हात जोडले. त्यालाही सुटल्यासारखं झालं असणार.

किती दिवसांनी रात्री झोप लागेल आज.


२५ मे

दंड दुखतो म्हणून सगळ्या वाड्याला सांगून झालं. कोण आलं की बाही वर. आणि गंमत म्हणजे आता दुसऱ्यांना शिकवतात. शेजारच्या काकीला: "ही वर्साची वासीन. सरड्यासारको रंग बदलता तो जोर." शेजारीण माझ्याकडे बघते. मी स्वयंपाकघरात.

जोर म्हणजे आपल्याकडे ताप, तेवढं तरी काकीला समजावून सांगावं लागत नाही.


१ जून

काय झालं ते सरळ लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी मी शाळेत मापं घ्यायला गेले होते. दुकानात आबांच्या सुनेचा फोन आला, सावित्रीनं घेतला. दोन मशिनी चालू, बाहेर मासळीवाल्या ओरडतायत. मी आल्यावर सावित्री खुशीत: "ताई, डिचोलीचा फोन होता. आबांना चांगला जोर आलाय म्हणं. बाबांना कळवा म्हणाल्या."

मला बरं वाटलं. देवा शपथ, बरं वाटलं. म्हातारा उठून बसला एकदाचा. लगेच घरी फोन केला, बाबा, आबांना जोर आलाय, हुशारी आलीय, जाऊन या. सावित्रीच्या तोंडून ऐकलेलं वाक्य मी तिच्याच अर्थानं घेतलं. जन्म चोपड्यात, संसार कोरगावात, दोन्ही गावं पेडण्यातलीच, आणि मला त्या क्षणी आपलाच शब्द ओळखता आला नाही. बाबांशी बोलतानाही "हुशारी" जोडून दिलं, म्हणजे त्यांनाही शंका यायला जागा ठेवली नाही.

ते पहिल्या बसनं गेले. दुपारभर आबांच्या खाटेवर बसले. हातात हात घेऊन.

संध्याकाळी आबांच्या सुनेचा मला फोन. आवाज चढलेला. "अगो शैला, हांवें सांगिल्लें न्हय, आबांक बरोच जोर आयला, बाबांक सांग हांगा येवं नाका म्हूण." पुण्याहून नातू आला होता गावातल्या एका लग्नाला, तो तापला, मग आबा. डॉक्टर फ्लू म्हणाला. ती बिचारी गोळ्या आणायला गेली होती, घरी आली तर बाबा आत बसलेले.

ते "येवं नाका" मासळीवालीच्या ओरडण्यात गेलं.

पंधरवडा झालेला नाही.


१ जून, नंतर

श्याम ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. नुसता म्हणाला, "तुका जोर म्हणजे कितें खबर ना?"

सावित्रीला फोनवर सांगितलं. ती रडायला लागली. "आमच्याकडं जोर म्हणजे ताकद हो ताई. मला काय ठावं." तिची काय चूक. म्हटलं, गप, उद्या ये कामाला.

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, लगेच काही होईल असं नाही, थोडी ताकद आली असेल, थोडी यायची असेल. लक्ष ठेवा. सकाळ-संध्याकाळ ताप बघा. आला की आणा, वाट बघू नका.


२ जून

ताप नाही. सकाळी नाही, संध्याकाळी नाही.

बाबांना मागच्या खोलीत ठेवलंय. आबांची काळजी करतात, स्वतःची नाही. म्हणतात, "ताचो हात केदो हूनहुनीत आशिल्लो. हांवें म्हळें, उमाळो आयला म्हाताऱ्याक." हात गरम होता आणि यांना वाटलं प्रेम.

मी तोंड फिरवून रडले. रागानं की कशानं, कळलं नाही.


३ जून

ताप नाही. आबांना हॉस्पिटलात हलवलं. त्यांनी लस घेतलेली नव्हती. त्यांच्या सुनेला कुणी सांगितलंच नव्हतं म्हणाली. मला सांगितलं होतं, मी तिला सांगायला हवं होतं, इतके फोन झाले आमचे. बोलणं सगळं पाय आणि हळद-दूध यावर.

बाबांना आबांचं कळलं. जेवले नाहीत. "तेकाय डावो हात आशिल्लो," एवढंच म्हणाले.

श्यामनं आज बसमध्ये मागच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्याला उगाच विचारलं, काका, फ्लूची लस घेतली का. तो म्हणे घाबरून पुढच्या स्टॉपला उतरला.


४ जून

ताप नाही. नाक जरा वाहतंय. अंगणातल्या धुळीनं असेल. असेल ना?

सावित्री दुपारी बाबांना बघायला आली, खिडकीतून. अपराध्यासारखी उभी. बाबांनी आतून हाक मारली, "सावित्री, भियेनाका. आज माका जोर आयला गो. तुजो जोर. माजो न्हय." आणि उठून दोन दंड ताठ करून दाखवले. ती हसली, डोळे पुसत. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी घरात हसणं झालं.

त्यांना तो विनोद फारच आवडलाय. संध्याकाळी श्यामला, मग शेजारणीला. "जोर आयला. सावित्रीचो." मी म्हटलं, बाबा, पुरे आता, शब्दाशी खेळू नका. "कित्याक? तुमी खेळिल्ले तें चलता?"


५ जून, दुपार

मी शाळेत गेले होते, शेवटचे युनिफॉर्म पोचवायला. सकाळी ताप नव्हता, मी स्वतः बघितला. परत आले तर सावित्री दुकानाच्या दारात उभी, हातात तिचा फोन घट्ट.

बाबांचा फोन आला होता. "शैलाक सांग, माका जोर आयला."

ती या वेळी हुशार, लगेच विचारलं: "कुणाचा हो बाबा, तुमचा का माझा?"

"मग?"

"हसले ताई. का खोकले. तेच कळंना. मग फोन ठेवला."

तीन वेळा लावला. वाजतो, उचलत नाहीत. दुपारी झोपतात. फोन उशीखाली ठेवतात, ऐकू येत नाही. नेहमीचंच आहे. शेजारीण बाजारात. श्याम म्हापशाच्या स्टँडवर, निघतोय म्हणाला.

सावित्रीला परत विचारलं, आवाज कसा होता. तिनं डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. "हसल्यासारखा खोकला," म्हणाली. मग म्हणाली, "का खोकल्यासारखं हसनं."

पायलटला, भाड्याच्या मोटरसायकलवाल्याला, फोन केलाय, येतोय. तोवर हाताला काहीतरी हवं म्हणून हे लिहितेय. थर्मामीटर पर्समध्ये आहे, सकाळी ताप बघून टाकलेला. डॉक्टरांचा नंबर वर काढून ठेवला. त्यांचा जोर, म्हणजे ताप असेल तर आजच, आत्ताच न्यायचं, वाट बघायची नाही. एवढं तरी नक्की माहीत आहे या वर्षी.

देवा, या वेळी प्रश्न सरळ आहे. गुरव नको, गाऱ्हाणं नको. त्यांचा जोर नको, सावित्रीचा असू दे.

हॉर्न वाजला.